मागे ठेवलेली अक्षरं

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर जुळवून इंग्रजी शब्द लावायचा खेळ, मी खेळते म्हटलं की समोरच्याची प्रतिक्रिया ठरलेली असते: मग तुमचे शब्द जबरदस्त पाठ असतील! असतात, नाही असं नाही. स्पर्धेत उतरायचं तर दोन अक्षरी शब्दांची यादी झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता यावी लागते. तीन अक्षरी बऱ्यापैकी यावे लागतात, आणि क्यू, झेड, एक्स, जे यांचे आडवळणाचे शब्द घोकावे लागतात. पण ही झाली बेगमी. सारखेच शब्द येणारे दोघं वर्षभर एकमेकांशी खेळले आणि त्यातला एक सातत्यानं जास्त डाव जिंकत राहिला, तर त्याचं कारण शब्दसंग्रहात सापडत नाही. खेळी झाल्यावर रॅकवर, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, ज्या दोन-तीन टाइल्स उरतात, तिथे ते बहुतेक वेळा सापडतं.

लावलेल्या शब्दाचे गुण लगेच कागदावर चढतात. उरलेल्या अक्षरांची नोंद कुणीच ठेवत नाही, आणि पुढच्या पाळीचे गुण तर तिथूनच यायचे असतात. नवख्या खेळाडूची नजर सगळ्यात जास्त गुणांच्या शब्दावर खिळते. मुरलेला माणूस तो शब्द बघतो, बोटांनी तेवढ्या टाइल्स बाजूला सारतो आणि उरलेल्यांकडे बघत बसतो. रमीत टाकायच्या पानापेक्षा हातात राहणाऱ्या पानांचा विचार जास्त करावा लागतो, तसंच काहीसं हे.

खेळाची मांडणी थोडक्यात सांगते. पंधरा बाय पंधराचा बोर्ड, म्हणजे २२५ घरं. एकूण १०० टाइल्स, त्यातल्या दोन कोऱ्या. प्रत्येकाच्या रॅकवर सात. जेवढ्या लावाल तेवढ्या पिशवीतून उचलायच्या. काही घरं अक्षराचे गुण दुप्पट-तिप्पट करतात, काही अख्ख्या शब्दाचे. सातही टाइल्स एका पाळीत लावल्या की ५० गुण जादा, त्याला खेळाडू बिंगो म्हणतात. सगळी गणितं अखेर या पन्नासाभोवती फिरतात, कारण चांगल्या खेळाडूंच्या डावात प्रत्येकी दोन बिंगो सहज होतात आणि एखाद्या बिंगोनंच निकाल फिरतो.

इंग्रजी स्क्रॅबलमधली ए, ई, आय, एन, आर, टी ही सहा अक्षरं घ्या. प्रत्येक एकेका गुणाचं, दिसायला अगदी गरीब. पण यांना सातवा सोबती मिळाला की काय होतं बघा: सी आला तर सर्टन, डी आला तर ट्रेन्ड म्हणजे प्रशिक्षित, जी आला तर ग्रॅनाइट, एचला हेअरनेट, के आला तर केराटिन, एमला मिनारेट, पीला पेंटर, आणखी एक टी आला तर नायट्रेट. अशी सहा अक्षरं हातात असताना माणूस हावरट होतो. त्यातून मोह पडतो तो एका विशिष्ट प्रश्नाचा, आणि तो प्रश्न मला या खेळातला सगळ्यात आवडता आहे.

समजा पहिलीच पाळी आहे. रॅकवर ही सहा अक्षरं आणि सातवा व्ही. यांतून सात अक्षरी शब्द मला तरी जुळवता येत नाही. व्ही हे अक्षर मुळात कटकटीचं. इंग्रजीच्या स्पर्धांत चालणाऱ्या दोन अक्षरी शब्दांत एकातही व्ही नाही, त्यामुळे दुसऱ्या शब्दाला खेटून तो कुठे सरकवता येत नाही. मग पर्याय असा की पाळी सोडायची, व्ही पिशवीत परत टाकायचा, एक टाइल उचलायची आणि ग्रॅनाइट, पेंटरची वाट बघायची.

हिशोब करून बघू. मला न दिसणाऱ्या टाइल्स ९३. त्यातल्या निदान ६८ अशा आहेत की कुठलीही एक आली तरी बिंगो तयार. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा. हा आकडा ऐकला की व्ही कधी एकदा परत टाकतो असं होतं. पण जरा थांबावं. बदलाच्या पाळीचे गुण शून्य. पुढच्या पाळीला चारात तीनदा साधारण ६० आणि एकदा २० धरले, तर दोन पाळ्यांची सरासरी येते पन्नासच्या आसपास. उलट आत्ताच सहा अक्षरी शब्द लावला तर २६ गुण मिळतात, आणि पुढची पाळी अगदी साधी गेली तरी २५ येतील. बेरीज तीच! शिवाय बिंगो रॅकवर तयार असणं आणि बोर्डवर त्याला जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्यानं एखादा आखूड, चिवट शब्द टाकला की सात अक्षरं घेऊन बसा हात चोळत. म्हणून मी इथे २६ घेईन. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात मजा आहे, पण ती एवढी जोखीम घेण्याइतकी नाही. मागे ठेवलेल्या अक्षरांची महती गाणाऱ्या माणसानं हेही सांगितलं पाहिजे की ती महती अमर्याद नाही.

आता २६चे दोन शब्द आहेत. एक नेटिव्ह: एन मधल्या घरावर, आणि मग व्ही बरोबर उजवीकडच्या अक्षर-दुप्पट घरात बसतो. दुसरा व्हेनर, म्हणजे अधिक गर्विष्ठ: यात व्ही डावीकडच्या अक्षर-दुप्पट घरात आणि ई मधल्या घरावर. दोन्हींत व्हीचे चाराचे आठ, बाकीची पाच अक्षरं एकेक गुणाची, बेरीज १३, मधलं घर शब्द दुप्पट करतं म्हणून २६. नेटिव्ह लावला तर रॅकवर आर उरतो, व्हेनर लावला तर टी. आर आणि टी यांत डावं-उजवं फारसं नाही. मग काहीही लावा?

रॅक सोडून आता बोर्डवर मागे काय राहतं ते बघायचं. नेटिव्हच्या ईनंतर त्या ओळीत फक्त दोन घरं उरतात आणि त्यातलं शेवटचं शब्द-तिप्पट आहे. समोरच्याकडे एल आणि वाय असतील तर तो नुसत्या दोन टाइल्स जोडून नेटिव्हली करतो आणि १४ त्रिक ४२ गुण उचलतो. दोन्ही अक्षरं त्याच्याकडे आत्ता असण्याची शक्यता थोडी आहे, मान्य. पण ते दार बंद होईपर्यंत उघडंच राहणार. त्याखेरीज एस जोडून नेटिव्हज होतो, म्हणजे एसचा बिंगो लावायला आयती खुंटी. व्हेनरला मागे-पुढे काही चिकटवता येईल असं मला दिसत नाही. गुण तेच, शिल्लक तीच, तरी दोन खेळ्या एक नाहीत. मी व्हेनर लावते आणि समोरच्याला त्याचा विचार करायला लावते.

अक्षरांच्या किमतीबद्दल थोडं. हा खेळ तयार केला आल्फ्रेड मोशर बट्स या अमेरिकन वास्तुविशारदानं, १९३०च्या दशकात, मंदीमुळे हाताला काम नसताना. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठरवलं. ईच्या १२ टाइल्स, क्यू आणि झेडची एकेकच. एस मात्र त्यानं मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर कुठल्याही शब्दाला अनेकवचन करून लोक मोकळे झाले असते. १९४८ साली हा खेळ बाजारात आणणाऱ्या जेम्स ब्रुनोनं त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं. यानंतर शब्दांच्या अधिकृत याद्या फुगत गेल्या, पण टाइलवर छापलेले आकडे जिथे होते तिथेच राहिले. त्यामुळे छापील किंमत आणि खरी किंमत यांत आता बरीच तफावत आहे, आणि खेळाडूचं निम्मं शहाणपण या तफावतीत आहे.

क्यू आणि झेड दोन्ही दहा-दहा गुणांचे. झेड आला तर आनंद होतो, क्यू आला तर पोटात गोळा येतो. झेडला सोबती भरपूर आहेत. क्यूला एक तर यू लागतो, नाहीतर क्यूआयसारखे मोजके शब्द. एक्स आठच गुणांचा, पण ए, ई, ओ अशा कुठल्याही स्वराला तो चिकटतो. अक्षर-तिप्पट घरावर तो उभ्या आणि आडव्या अशा दोन दोन-अक्षरी शब्दांत एकदम बसला, तर पंचवीस आणि पंचवीस मिळून पन्नास. एकट्या टाइलनं बिंगोच्या बक्षिसाइतके गुण! आणि सगळ्यात मौल्यवान टाइल कोणती? जिच्यावर काहीच छापलेलं नाही ती. कोऱ्या टाइलचे गुण शून्य, पण संगणकी विश्लेषणात तिची किंमत साधारण २५ ते ३० गुण धरतात, कारण बिंगोचं दार ती उघडते. एसची अशीच आठ-दहा. म्हणजे एस वापरून सहाच गुण जास्त मिळत असतील तर तो हातात ठेवावा. हे लिहायला सोपं आहे. हातात एस असताना तो न लावणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळतं.

याला एक उलटी बाजूही आहे आणि ती पुस्तकी सल्ल्यात हरवते. चांगली अक्षरं सांभाळत दोन-दोन टाइल्सचे शब्द लावत राहिलं, तर पिशवीतून नवं काही हातात येतच नाही. दोन कोऱ्या टाइल्स अजून आत असतील तर त्या उचलण्याची संधी जो जास्त टाइल्स लावतो त्यालाच जास्त. त्यामुळे कधी कधी पाच टाइल्स घालवून रॅक रिकामी करणं हीच शहाणी खेळी असते. कधी? पिशवीत अजून काय दडलं आहे त्यावर. आय, यू आणि व्हीच उरले असतील तर कशाला घाई करायची?

एवढं सगळं दोघांचे गुण बरोबरीत असताना. गुणांचा फरक वाढला की याच अक्षरांची, याच घरांची किंमत बदलते. मी ८० गुणांनी पुढे असेन तर मला बोर्ड आखडायचा असतो: बिंगोच्या जागा बुजवायच्या, तिप्पट घरांकडे जाणाऱ्या वाटा अडवायच्या, त्यापायी दहा गुण कमी मिळाले तरी चालतील. मागे असेन तर उलट. मग मी मुद्दाम बोर्ड मोकळा सोडते, दोन जागा एकदम उघडते, म्हणजे समोरचा एकच बुजवू शकेल. सरासरीनं जी खेळी वाईट, तीच अशा वेळी योग्य ठरते, कारण २० गुणांनी हरलं काय आणि १२० गुणांनी हरलं काय, डाव गेलाच. स्पर्धेत गुणांचा फरक मोजतात हे खरं, पण बरोबरी सोडवण्यापुरता. मागे पडल्यावरही सभ्यपणे, नीटनेटके २५ गुण करत हरणारे खेळाडू मी खूप पाहिले आहेत. त्यांची एकेक खेळी तपासली तर चूक म्हणून दाखवता येत नाही, पण त्यांना कुणी घाबरतही नाही.

आखडलेल्या बोर्डाचा विषय निघाला की नायजेरियाचं नाव निघतंच. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथं वेलिंग्टन जिगेरे जगज्जेता झाला, आफ्रिकेतला पहिला. अंतिम लढतीत त्यानं इंग्लंडच्या लुइस मॅके याला हरवलं. त्यानंतर नायजेरियन खेळाडूंच्या पद्धतीची बरीच चर्चा झाली: लांब शब्द येत असतानाही चार-पाच अक्षरांचे शब्द लावायचे, चांगली अक्षरं राखायची, बोर्ड चिंचोळा ठेवायचा. लांबलचक शब्द म्हणजे मोठा खेळाडू या समजाला याहून मोठा धक्का बसला नसेल. त्याच वर्षी न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, फ्रेंच बोलता येत नसताना. २०२४ मध्ये त्यानं स्पॅनिशमध्येही तेच केलं. त्याच्या स्मरणशक्तीच्या कथा सगळेच सांगतात. मला जास्त नवल वाटतं ते हे की मागे काय ठेवावं आणि काय सोडावं याचा त्याचा अंदाज प्रत्येक भाषेच्या टाइल्सबरोबर नव्यानं बसलेला असतो. अक्षरांची संख्या वेगळी, गुण वेगळे, तरी!

लोकांना अर्थात विक्रम आवडतात. २००६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका क्लबमध्ये मायकल क्रेस्टानं एका डावात ८३० गुण केले, त्यात क्विक्सॉट्री या एका शब्दाचे ३६५. कसे, ते मजेशीर आहे. आठ अक्षरांचा हा शब्द कडेच्या ओळीत दोन शब्द-तिप्पट घरं व्यापून बसला, म्हणजे नऊपट. अक्षरांची बेरीज २७, एक्स नेमका अक्षर-दुप्पट घरात म्हणून आणखी आठ, झाले ३५. नवापाचे पंचेचाळीस हातचे चार, असं करत ३१५, आणि वर बिंगोचे ५०. वाचून कुणालाही हुरूप येईल. पण अशा जागेची वाट बघत रॅकवर क्यू आणि एक्स धरून बसणारा माणूस शंभरात नव्याण्णव वेळा क्यू घेऊनच घरी जातो.

लोणकढी थाप हा या खेळातला कायदेशीर भाग आहे, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. नसलेला शब्द लावायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा. समोरच्यानं आक्षेप घेतला आणि शब्द खोटा निघाला तर टाइल्स परत, गुण शून्य. शब्द खरा निघाला तर? उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांत आक्षेप घेणाऱ्याची पाळी जाते, बहुतेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याचा दंड साधारण पाच गुणांचा असतो. पहिल्या पद्धतीत थाप हे हत्यार आहे, दुसरीत ते जवळजवळ बोथट. एकाच बोर्डवर, त्याच टाइल्सनी, केवळ एका दंडामुळे माणसं वेगळी वागतात. मला पहिली पद्धत जास्त आवडते, जरी तिच्यात मनस्ताप जास्त असला तरी.

आणि हे सगळं २५ मिनिटांत. प्रत्येकाला पूर्ण डावासाठी तेवढाच वेळ; वर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला दहा गुण कापतात. त्यामुळे वेळही मागे ठेवायची गोष्ट आहे. सुरुवातीच्या खेळीत चार मिनिटं घालवून तीन गुण वाचवणारा शेवटच्या चार पाळ्या घाईत उधळतो.

डाव संपल्यावर मी बऱ्याचदा तो क्वॅकलमध्ये टाकून बघते. हा मोफत मिळणारा प्रोग्राम. २००६ साली टोरंटोत यानं १९९५चा जगज्जेता डेव्हिड बॉइज याला पाच डावांच्या लढतीत ३-२ असं हरवलं होतं. एखादी खेळी दिली की तो न दिसणाऱ्या टाइल्स पुन:पुन्हा वेगवेगळ्या वाटून पुढच्या पाळ्या खेळून बघतो आणि सरासरी सांगतो. दोन खेळ्यांत त्याला फरक दिसतो दोन गुणांचा, कधी अर्ध्या गुणाचा. त्यापायी मी वीस मिनिटं कपाळावर आठ्या घालून बसलेली असते. आणि एवढा विचार करून लावलेल्या खेळीनंतर समोरचा दोन्ही कोऱ्या टाइल्स उचलतो. याला इलाज नाही. निकालावरून निर्णय जोखायचा म्हटलं तर या खेळात कुणी काही शिकूच शकणार नाही. प्रोग्रामचा फायदा एवढाच की तो निकाल विचारतच नाही.

पिशवी रिकामी होते तेव्हा नशीब संपतं आणि एक निराळाच खेळ सुरू होतो. स्पर्धेतले खेळाडू सुरुवातीपासून कागदावर अक्षरं खोडत आलेले असतात. १०० टाइल्सची यादी, लागली की काट. शेवटी माझ्या रॅकखेरीज जी सात उरतात ती समोरच्याची. म्हणजे त्याची रॅक मला उघडी दिसते आणि त्याला माझी. क्यूचा हिशोब तेव्हा चुकता होतो. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स असल्या की बदलता येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे क्यू अडकला त्याला आता बोर्डवरच जागा शोधायची आहे. समजा त्याला क्यूआय लावायला एकच घर आहे आणि तिथे त्याला २२ गुण मिळतील. माझ्याकडे २४ गुणांचा शब्द आहे, आणि ती जागा बुजवणारा आठ गुणांचा. सोळा गुण कमी घेते मी. त्याचे २२ गेले, आणि डाव संपताना क्यू हातात राहिला तर त्याच्या दुप्पट, म्हणजे वीस गुण माझ्या खात्यात येतात. बेचाळीसचा फरक, सोळाच्या मोबदल्यात.

यानंतर जे करायचं असतं ते काही जणांना आवडत नाही. समोरच्याला सगळ्या टाइल्स संपवता येणारच नाहीत हे कळलं की मला घाई उरत नाही. माझा पाच अक्षरी शब्द एकदम लावून डाव मिटवण्याऐवजी मी एकेक, दोन-दोन टाइल्स वेगवेगळ्या जागी लावत जाते आणि प्रत्येक वेळी पाच-सात गुण घेते. त्याच्या लावण्यासारख्या टाइल्स संपल्या की तो प्रत्येक पाळीला नुसता पास म्हणतो आणि घड्याळाचं बटण दाबतो. एका सोबत खेळणाऱ्या मित्राचं मत आहे की जिंकलेला डाव असा लांबवणं असंस्कृतपणाचं आहे, गुणांच्या फरकाची खरोखर गरज असेल तेव्हाच ते करावं. मला ते पटत नाही. त्यानं बारा पाळ्यांपूर्वी तो क्यू बदलायचा की ठेवायचा हे ठरवलं होतं. आता माझी पाळी आहे.